अक्कांनी कधीच न पाहिलेली रिंग

ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर चुकलेल्या वेलांट्यांवर रागावू नका. शाळा चौथीला सुटली. तेव्हापासून हाताला पोळ्याच लाटायची सवय. अक्षरंही तशीच येतात, काही गोल, काही नकाशासारखी.

मला दोन मुलं. धाकटी गोळी विसरल्यामुळे झाली, आता बालवाडीत जाते. इथं बेंगळुरात हेब्बाळच्या कँटीनमधलं माझं काम नुकतंच पक्कं झालं होतं. तिसरं राहिलं असतं तर काम गेलं असतं. म्हणून लाज गिळून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब मोजला. अर्धशिशी आहे का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, सिगारेट ओढतेस का, सगळं विचारलं. सिगारेट! मी! मग एक मऊ, पारदर्शक कडं हातात दिलं, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढं.

"ही मूल राहू नये म्हणूनची रिंग. पाळीच्या पहिल्या दिवशी चिमटीत दाबून खालून आत सरकवायची. तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर. मग त्याच वारी, त्याच वेळेला नवी."

"आणि वर पोटात गेली तर?" मी फरशीकडे बघत विचारलं.

"कुठे जाणार? पुढे वाट बंद आहे. टोचत नाही ना, मग बसली नीट. पण पाय सुजला किंवा छातीत दुखलं, तर लगेच यायचं."

तीन महिन्यांच्या रिंगा एकदम घ्यायच्या तर पैसे कमी पडत होते. खाली घरमालकीणबाई राहतात, त्यांना आम्ही अक्का म्हणतो. आपल्याच मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरात. त्यांच्याकडे उसने मागितले. कशाला म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "रिंग घ्यायचीय."

अक्कांचा चेहरा उजळला. "घे गं! बाईच्या अंगावर स्वल्प तरी सोनं हवंच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

आठ दिवसांनी जिन्यात अडवलं. "कुठाय रिंग? बोटात दिसत नाही!"

"आत ठेवलीय, अक्का."

"आत ठेवून काय उपयोग?"

"आत ठेवूनच उपयोग आहे," मी बोलून गेले आणि वर पळाले.

मग त्यांनी आमच्या ह्यांना गाठलं. "बायकोच्या रिंगेचं वजन किती हो?" ह्यांना सगळं ठाऊक. मान खाली घालून म्हणाले, "मला तर काही जाणवतच नाही." झालं! रिंग पोकळ आहे, सोनाराने आम्हाला फसवलं, असं अक्कांनी ठरवून टाकलं.

खरी फजिती एका रविवारी झाली. मोरीत बसले असताना रिंग निसटून पडली. मी घाबरून ओरडले, "अहो, रिंग पडली!" मुलांची बाटली उकळायची सवय, आधी गॅसवर पाणीच ठेवायला निघाले होते. मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं: गरम पाणी नाही, गार पाण्याने धुवायची आणि तीन तासांच्या आत परत घालायची. नळाखाली धरली, तेवढ्यात अक्का बॅटरी आणि चहाची गाळणी घेऊन धापा टाकत आल्या.

"नळ बंद कर! सोनं गटारात जाईल!" म्हणत त्यांनी मोरीच्या भोकात हात घातला, कोपरापर्यंत.

"सापडली, अक्का."

"कुठाय?"

"मुठीत."

"मग बघत काय बसलीस? आधी घाल!"

"घालते," म्हणाले, अक्कांना मोरीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं असतं.

दर पगाराला थोडे थोडे करून पैसे फेडले. पाळी दर महिन्याला वेळेवर आली, कँटीनचं कामही राहिलं. शेवटच्या नोटा हातात ठेवल्या तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता तरी दाखव."

मी त्यांच्या कानात सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पायरीवरच बसल्या. "आणि मी मेली मोरीत हात घालून बसले होते!"

डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळी असतं असलं काही, तर पाच झाली नसती गं."

मग नोटा दोनदा मोजून कमरेला खोचल्या. "सरी, ठीक झालं. फिटलं सगळं."