गॅरेजमध्ये शिजलेली बरोलो

मी अमेरिकेला निघालो त्या दिवशी अण्णा निरोप द्यायला दारात नव्हतेच. जीप हॉर्न मारत होती, आई डोळे पुसत होती आणि माझे वडील पिंपळगावच्या आमच्या द्राक्षबागेत मणी तोडून चाखत हिंडत होते. मी बागेत जाऊन वाकून नमस्कार केला, तर ते माझ्यासमोरच पचकन थुंकले. "गोडी उतरली नाही अजून." मग आईकडे चोरून बघत म्हणाले, "तिकडं भारी वाईन मिळते म्हणतात. मी आलो की पाजशील ना?" मी छातीवर हात ठेवून, नाटकातल्या राजपुत्राच्या थाटात, शब्द दिला.

अण्णांचा एक नियम होता. आपल्या माणसाच्या बागेत मणी आंबट लागला की थू! परक्याच्या बागेत मात्र तोच मणी गिळून "छान आहे हो" म्हणायचं आणि बाहेर आल्यावर मला डोळा मारायचा.

पुढे मी टेक्सासमधल्या शुगर लँडला स्थिरावलो. एकदा ऑफिसनं इटलीला पाठवलं, तेव्हा रविवारी गाडी काढून बरोलो गावी गेलो. टेकड्यांच्या अंगावर द्राक्षवेलींच्या ओळी, खाली दरीत धुकं. एका म्हाताऱ्या बागायतदारानं मणी चावला, बी निरखून पाहिली आणि पचकन थुंकला. मी त्याच्या पायाच पडणार होतो! त्याची लाल वाईन, तिचंही नाव बरोलोच, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरते, मग बाटलीत. बाटली देताना त्यानं बजावलं, "अजून दहा वर्षं ठेव. आडवी, गार अंधारात."

मी ती जिन्याखालच्या क्लोझेटमध्ये शेषशायी विष्णूसारखी निजवली. मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, तिची कथा साभिनय सांगितली. दहाची बारा वर्षं झाली, कारण दर वेळी छाटणी निघायची आणि अण्णा तिकीट कॅन्सल करायचे.

शेवटी एका जूनमध्ये दोघं आले. आईनं घर पाहिलं, क्लोझेट उघडलं आणि म्हणाली, "ही जागा गार आहे रे. देव इथंच बसवू." पन्नाशीचा मी, दोन गाड्यांचा मालक, शर्टाखाली बाटली लपवून गॅरेजमध्ये पळालो. तांदळाच्या पोत्यामागे ठेवली. दोन दिवसांपुरती म्हणून. पण आई सतत घरातच, आणि ती बाटली तिथंच सप्टेंबरपर्यंत राहिली. टेक्सासचा उन्हाळा! त्या गॅरेजमध्ये पापड भाजले असते.

परतीच्या आदल्या दिवशी आई शेजारच्या काकूंकडे आरतीला गेली. मी तीन ग्लास भरले: अण्णांचा, माझा आणि माझ्या मुलाचा, निखिलचा. निखिलनं घोट घेतला आणि सिंककडे धावला. "बाबा, यक! इट्स टोटली कुक्ड, यार!" खरंच होतं, गॅरेजच्या उकाड्यात वाईन शिजून गेली होती. शिळ्या जॅममध्ये व्हिनेगर ओतल्यासारखी चव. अण्णांनी घोट तोंडात घोळवला. मी त्या थुंकण्याची वाट पाहत होतो, घरचाच लेक होतो ना. हाताशी वाटीसुद्धा सरकवली.

अण्णांनी गिळली. म्हणाले, "छान आहे हो."

पॉटलकला आता ही कथा सांगतो ती इथवरच. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. अख्ख्या आयुष्यात अण्णांनी मला कधी 'हो' लावलं नव्हतं. त्या घराचे हप्ते मी भरले, देव आईनं बसवले, पण घरच्यासारखा थुंकला तो एकटा निखिल.

गेल्या जानेवारीत पिंपळगावला गेलो. अण्णा काठी टेकत बागेत आले, एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. "बघ." असा आंबट, की डोळे मिटले. थुंकायला अख्खी बाग होती. पण तोंडातून काय निघावं?

"छान आहे हो, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळा मारतील म्हणून मी बराच वेळ उभा राहिलो.