कोऱ्या फॉर्मवरची सही

भीमरावमामांचं मन एका वस्तूवर कधी टिकलं नाही. रेडिओ देऊन त्यांनी टेबलफॅन आणला, फॅन देऊन शिलाई मशीन. मशीन बघून शालनमामी खूश झाली, तोवर तेही सायकलच्या बदल्यात गेलं. "नशीब, बायको बदलून मिळत नाही," असं माझी आई मामांच्या तोंडावर म्हणायची.

त्र्याण्णव साली मामांच्या डोळ्यांत मारुती व्हॅन भरली. उल्हासनगरच्या लछूशेठकडे जुन्या गाड्यांची अदलाबदल चालायची. आपली फियाट द्यायची, वर थोडे पैसे घालायचे, व्हॅन घेऊन यायची. अडचण एकच होती. मामा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात फिटर. गाडी घेतली की ऑफिसला कळवा, साहेबांच्या प्रश्नांना उत्तरं द्या; ती कटकट नको म्हणून फियाट त्यांनी मामीच्या नावावर घेतलेली. "फक्त कागदावर हां," असं ते ज्याला त्याला सांगत. पुढच्या सीटवर मित्र बसत. मामी मागे.

आता सही मामीचीच लागणार होती. रविवारी मामांच्या हेंद्रेपाड्यातल्या घरून आम्ही तिघं निघालो. मी पुढे, मामी मागे.

लछूशेठनं चहा मागवला आणि ट्रान्सफरचे फॉर्म मामीपुढे सरकवले. सगळे कोरे.

"बहेन, इधर साइन करो, और इधर."

"घेणाऱ्याचं नाव कुठाय?" मामीनं विचारलं.

"वो गिऱ्हाईक मिलेगा तब भरेंगे. सब ऐसाच करते हैं."

तसं सगळेच करत. आमच्या नाथाकाकांनीही स्कूटर अशीच दिली होती. पुढे ती कोण चालवत होतं कुणास ठाऊक, कर्जतकडे एकाला धडकली. पोलीस मात्र काकांच्या दारात, तेही पोरीच्या हळदीच्या दिवशी. काका पिवळ्या कपाळानंच चौकीत गेले.

"मग तुमचं नाव लिहा, शेठ."

"मेरा? मैं तो बीच का आदमी!"

"मीपण मधलीच. गाडी यांची, नाव माझं."

मामा उठले, बसले, पुन्हा उठले. बाहेर एक गृहस्थ व्हॅनचा दरवाजा सरकवून बघत होता.

"शालन, कर ना गं सही. व्हॅन जाईल!"

"जाऊ दे. उद्या पोलीस कुणाला शोधत येतील? तुमच्या मित्रांना?"

व्हॅन गेली. परतताना मामा नुसते गिअर खडखडवत राहिले. मामीच मागून म्हणाली, "आधी फियाट तुमच्या नावावर करा. मग हव्या तेवढ्या कोऱ्या सह्या मारा. मी बोलायची नाही."

इरेला पेटून मामांनी ऑफिसला अर्ज दिला, साहेबांचे प्रश्न झेलले, ठाण्याच्या आरटीओत खेटे घातले. आरसी बुकावर स्वतःचं नाव चढताच मला घेऊन तडक लछूशेठकडे. दुसरी व्हॅन तयारच होती. फॉर्म पुढे आले, कोरेच.

मामांनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. पाणी प्याले. बाहेर जाऊन व्हॅनभोवती चक्कर मारून आले. पुन्हा टोपण काढलं.

"शेठ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेणाऱ्याचं नाव कुठाय?"