बाबांचा बॉयलर आणि आईचा कुकर

माझे बाबा शहाडजवळच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं बॉयलरचं सर्टिफिकेट अजून कल्याणच्या घरात देवांच्या फोटोंच्या ओळीत टांगलेलं आहे. आई उदबत्ती ओवाळते तेव्हा थोडा धूर त्यालाही मिळतो. वाफ हा विषय घरात फक्त बाबांचा. कुकर मात्र त्यांच्या लेखी त्यात मोडत नसे. झाकणाचं रबरी गास्केट सैल झालं की आई ते थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची, मग तेवढ्यापुरतं घट्ट बसायचं. बाबा ते बघून हसायचे, पण नवीन आणून काही द्यायचे नाहीत.

मागे एका रविवारी मी डोंबिवलीहून त्यांच्याकडे जेवायला गेलेले. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास सांगणारं एक जुनं पुस्तक मला ठाण्याला रद्दीच्या दुकानात मिळालं होतं, ते बरोबर होतं. त्यातला एक उतारा मी बाबांना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला. प्रेशर कुकर हा वाफेच्या इंजिनाच्या आधीचा. एका फ्रेंच माणसानं हाडं मऊ शिजावीत म्हणून घट्ट झाकणाचं भांडं केलं, आणि ते फुटू नये म्हणून त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. वाफेचा जोर बघून इंजिनाची कल्पना त्याला नंतर सुचली.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "हे छापणारे काहीही छापतात. सेफ्टी व्हॉल्व्ह बॉयलरचा आहे."

"आधी कुकरचा होता, बाबा. बॉयलरवर नंतर गेला."

त्यांनी सरळ माजिवड्याला राहणाऱ्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. काका वयानं मोठे, बाबांच्याही आधी बॉयलरची परीक्षा पास झालेले. फोन स्पीकरवर होता, ही बाबांची चूक.

"खरंय ते," काका म्हणाले. "आपल्याला क्लासमध्ये शिकवलेलं. तू त्या दिवशी दांडी मारली असशील."

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं माझ्याच भांड्याच्या मोठ्या भावाची चाकरी केलीत तुम्ही."

"मोठा नाही, धाकटा," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुस्तक पिशवीत टाकलं.

मग ते उठून स्वयंपाकघरात गेले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि कुकरचं झाकण उजेडात धरून उलटसुलट पाहू लागले. शिट्टीच्या नळीत जुनी डाळ वाळून बसली होती. व्हॉल्व्हवर काळा थर होता.

"हा कुकर आजपासून बंद," त्यांनी जाहीर केलं.

"अहो, भात लावायचाय."

"इन्स्पेक्शन झाल्याशिवाय नाही."

त्या दिवशी भात पातेल्यात झाला आणि खालून थोडा लागला. संध्याकाळी बाबा बाजारात जाऊन नवं गास्केट आणि व्हॉल्व्ह घेऊन आले. दोन्ही बसवून त्यांनी नुसतं पाणी घालून कुकर तापवला आणि शिट्टी होईपर्यंत स्टूल टाकून समोर बसून राहिले. एका जुन्या डायरीत वेळही लिहिली.

"लिहिल्यानं डाळ लवकर शिजते का हो?" आईनं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून कुकर बाबांचा झाला. आईनं दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी तिनं चपला घातल्या आणि शेजारणीबरोबर काळ्या तलावावर फिरायला जायला लागली. इतकी वर्षं सकाळच्या त्या वेळी ती कधी घराबाहेर पडली नव्हती. फोनवर मला सांगायची, "तुझे बाबा ड्यूटीवर आहेत."

महिनाभरानं एका सकाळी बाबांचाच फोन आला. आवाज हळू होता.

"आईला सांगू नकोस. कुकरचा व्हॉल्व्ह वितळला."

"लागलं नाही ना तुम्हाला?"

"मला काही नाही. पाणी घालायचं राहिलं." मग ते म्हणाले, "बॉयलरवाल्याचं पहिलं काम काय, तर पाण्याच्या पातळीवर नजर ठेवायची. कारखान्यात हे झालं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

"आत्ता तुम्ही घरीच आहात, बाबा."

ते हसले नाहीत. खिडक्या उघडून, नवा व्हॉल्व्ह बसवून, पुन्हा डाळ-भात लावून ते आईची वाट बघत बसले. आई आली, हात धुतले, जेवायला बसली. जळका वास तिला दारातच आला असणार. डाळ चांगली झालीय, एवढंच म्हणाली.

पुढच्या वेळी मी मुक्कामाला राहिले, तेव्हा सकाळी फिरायला निघताना आई स्वयंपाकघरात गेलेली दिसली. तिनं रिकाम्या कुकरमध्ये दोन भांडी पाणी ओतलं, झाकण नुसतं वर ठेवलं आणि निघाली. थोड्या वेळानं बाबा आले. झाकण उचलून आत पाहिलं, डाळीचा डबा त्या पाण्यात ठेवला, आणि डायरी उघडून वेळ लिहिली.