पोट भरलेला जंतू

थायलंडमधल्या उबोनच्या इस्पितळात बुआखाम रक्त तपासायची. तोंडाची फटकळ, पण कामाला चोख. भातशेतीच्या चिखलातून अंगात शिरणारा एक जंतू दर लावणीला माणसं गिळायचा, आणि तो ओळखू येईतो चिता पेटलेली असायची. म्हणून तिथं नवी तपासणी आली होती. लोह वाहून नेणाऱ्या रेणूला चमकता रंग जोडायचा आणि रोग्याच्या काढलेल्या रक्तात सोडायचा. हा जंतू लोहाचा हावरट. आमिष गिळतो आणि भिंगाखाली हिरवा चमकतो. बाकीचे जंतू त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"मेल्या, हावरटपणानंच सापडतोस!" ती भिंगाला डोळा लावून म्हणायची. आणि रक्त घेण्याआधी प्रत्येक रोग्याला दटावायची, "लोहाची गोळी, टॉनिक काही घेतलंय का? खरं सांगा."

मग तिचा थोरला भाऊ खाम्फान लावणी सोडून तापानं फणफणत आला. तिनं घाईघाईनं त्याचं रक्त तपासणीला लावलं. हिरवं काहीच नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"दादा, तो मेला तुझ्यात नाहीये. साधा ताप आहे, नाटकं पुरे!"

"मग आईला सांग, बेडूक भाजून ठेव म्हणावं," तो हसला.

डॉक्टरांनी साधं औषध सुरू केलं. जुन्या पद्धतीनं बशीत वाढवायला ठेवलेल्या रक्तात काही दिवसांनी जंतू उगवले, तेव्हा तोच निघाला. औषध बदललं, पण उशीर झाला होता. खाम्फान गेला.

मयतासाठी ती गावच्या घरी गेली, तेव्हा चुलीपाशी तिला बाटली दिसली. लोहाचं टॉनिक. आईच्या अशक्तपणासाठी तिनंच शहरातून पाठवलेलं.

"हे दादाला दिलंस?"

"मग! ताप आल्यापासून देत होते. पोराचं तोंड किती पांढरं पडलं होतं. तूच ना म्हणालीस, यानं रक्त वाढतं?"

बुआखामनं निम्मी संपलेली बाटली उजेडाला धरली आणि चुलीपाशी परत ठेवली. जंतूचं पोट आधीच भरलेलं, तो आमिषाला कशाला तोंड लावेल? त्याला जेवू घातलं ते तिच्याच बाटलीनं. साऱ्या जगाला दटावून विचारलं, आणि दादाला एका शब्दानं विचारलं नाही. घरच्या माणसाला कोण विचारतं! जळ्ळं ते शहाणपण.

"तुझंही तोंड बघ कसं उतरलंय," आई म्हणाली आणि उरलेलं टॉनिक चमच्यात ओतू लागली.

खरं सांगायला बुआखामनं तोंड उघडलं. आईनं चमचा आत घातला.