एका दमात पूर्ण नाव

खेळाचे सर धावून आलेल्या मुलाला आधी पूर्ण नाव विचारत. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव एका दमात सांगता आलं, तर मूल परत मैदानावर. नाव मध्येच तुटलं, की सर पाण्याच्या नळाकडे बोट दाखवत. बिबवेवाडीतल्या त्या शाळेत माझी मुलगी चौथीत होती. नाव सांगताना तिला दोनदा थांबावं लागे. त्याचा तिला अभिमान होता.

सर वर्ध्याकडचे. पुण्यात बरीच वर्षं काढूनही मैदानावर त्यांची बोली सुटली नव्हती. "काहून थांबली बाप्पा? अजून दम शिल्लक आहे तुझ्यात!" पालकांशी मात्र ते जपून, पुस्तकी मराठीत बोलत. नोकरी कंत्राटी होती. ती पुढे चालू राहणार की नाही, हे दर मार्चमध्ये मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर उभं राहून समजे.

कवायतीवर त्यांचा विश्वास नव्हता. लगोरी, लंगडी, पकडापकडी, एवढंच ते घेत. "कवायतीत मूल घड्याळ बघतं. मागे कोणी लागलं की बघत नाही," असं ते म्हणत.

गेल्या वर्षी शाळेने मुलांच्या मनगटावर बांधायचे पट्टे आणले. कोणत्या तासाला मुलांची किती ऊर्जा खर्च झाली, याचा तक्ता निघू लागला. खेळाचा तास बाकी सगळ्या तासांच्या कितीतरी पुढे होता. सर वर्षानुवर्षं तोंडी सांगत आलेली गोष्ट पहिल्यांदाच कागदावर आली होती. आता कंत्राट अडणार नाही, असं त्यांना वाटलं. पालकसभेच्या दिवशी त्यांनी तो तक्ता स्वतःच्या हाताने फलकावर लावला.

पालकांनी तो बारकाईने वाचला.

"म्हणजे क्लासला पोचेपर्यंत यांच्यात काही उरतच नाही," एक वडील म्हणाले.

"तरीच आमची गणिताच्या क्लासला पेंगते!" एक बाई म्हणाल्या.

सर उभे राहिले. "अहो, खेळलं की भूक लागते, झोप चांगली लागते…"

"झोपवायला आम्ही घरी आहोत, सर. फी शिकवण्याची भरतो."

सभेत हशा पिकला. सर खाली बसले.

आठवड्याभरात खेळाचे तास कमी करण्याचा अर्ज तयार झाला. पुरावा म्हणून सरांच्याच तक्त्याची प्रत जोडली होती. माझीही मुलगी क्लासला पेंगत होती. मी सही केली. रोजचा तास आठवड्यातून एकदा झाला. मुलगी पेंगायची ती पेंगतच राहिली. मार्चमध्ये शाळेने सरांना कळवलं, की एवढ्याशा कामासाठी वेगळा माणूस लागणार नाही.

शेवटच्या दिवशी ते फाटकाशी भेटले. मी म्हणालो, "सर, तो अर्ज तुमच्याविरुद्ध नव्हता."

"मुख्याध्यापिका बाईंनी दाखवला मला," ते म्हणाले. "बाकीच्यांनी नुसत्या रेघा ओढल्यात. आपली सही तेवढी स्वच्छ वाचता आली."