थर्मास घेऊन आलेली मावशी

आजोबांना अर्धांगवायू झाल्यापासून आई सलग झोपली नव्हती. रात्री उठून त्यांची कूस बदलायची, दिवसा भरवायचं, अंग पुसायचं. बाबा नोकरीला मुंबईत. मी महाडच्या शाळेत शिकवते. पोलादपूरहून सकाळची एसटी पकडली की दुपार टळल्यावरच घरी. आईचे हात कापायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्यांआधी हिला झोप मिळू द्या.

घरच्या म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बायका महिन्यातून एकदा विहाराच्या सभागृहात जमतात. तिथे मी आईला घेऊन गेले आणि दाराजवळची खुर्ची धरली. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. इंग्रजी शाळेतली म्हणून शिष्ट, असं लोकांना वाटतं. मीही ते खोडून काढत नाही. काय अडचण आहे, असं विचारल्यावर आई म्हणाली, "आमचं बरं चाललंय." मग मला माझाच आवाज ऐकू आला. "आईला झोप हवी आहे."

आईला तेवढाच डोळा लागावा म्हणून त्या बायकांमधल्याच उमरठकडच्या एक मावशी त्या शनिवारी आजोबांजवळ बसायला आल्या. त्यांनी स्वतःच्या सासूचं अंथरुणात सगळं केलेलं. पण आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेलं माणूस चहा-पोह्यांशिवाय जात नाही. आईने सकाळीच घर झाडलं, इस्त्रीची साडी नेसली, पोहे केले आणि मावशींना एकटं वाटू नये म्हणून दुपारभर त्यांच्यासमोर बसून राहिली. मी आले तेव्हा ती कपबश्या विसळत होती.

"बाई चांगली हाय," ती म्हणाली, "पण दमले गो मी."

मला हसू आलं. पण आता ही त्यांना नको म्हणेल, अशी धास्तीही वाटली.

पुढच्या शनिवारी मला सुट्टी होती. मावशी आल्या त्या थर्मास काखेत मारूनच. आई स्वयंपाकघराकडे वळली.

"कुठं चाललीस गो?"

"चहा टाकते."

"माझा चहा माझ्याजवळ हाय. मी काय पाव्हणी नाय. तू गॅस पेटवलास तर मी ही चालले. जा, आडवी हो."

"झोप नाही येत दिवसाची."

"नको येऊ दे. पंख्याकडे बघत पड."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिची उशी आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

नंतर मी औषधं आणायला बाजारात गेले. परतल्यावर कडी जरा जोरात वाजली. आजोबांना अजून नीट बोलता येत नाही. त्यांनी चांगला हात उचलला, बोट ओठांवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान केली. आतून आईचं घोरणं ऐकू येत होतं.

मावशींनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे केला. आलं जरा जास्तच होतं. मी तो उंबऱ्यावर बसून, आवाज न करता प्यायले.