मामाकडून भेट

चिंचेनं घासला की आमच्या पितळी डब्यावरची अक्षरं उजळतात, ‘चि. सुमनला लग्नात मामाकडून भेट’. आमच्या घरात सुमन कुणीच नाही. तरी मी तालुक्याला कॉलेजात असताना आईची भाकरी रोज एसटीनं याच डब्यातून यायची. घरातला पहिला पदवीधर या परक्या डब्यावर झाला.

परवा आत्याला विचारलं, तर ती हसली. “अरे, तुझ्या आईबापाच्या लग्नाला गल्लीतली भांडी गोळा केली होती. परत देताना झाली अदलाबदल. सुमन तेव्हा शेजारी राहायची, आता पलीकडच्या गावात असते.”

आईचा चेहरा उतरला. ज्याचं त्याला द्यायला हवं, पण डबा हातातून सुटेना. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून तिनं तो शेंगदाण्याच्या लाडवांनी भरला आणि आम्ही गेलो.

आईनं सगळी हकिगत सांगितली, माझ्या कॉलेजच्या भाकरीसकट. ती ऐकून सुमनमावशींनी फळीवरून तसाच डबा काढला. त्यावर माझ्या आजीचं नाव होतं!

“लेकींच्या बाळंतपणाचे डिंकलाडू यातूनच गेले बघा. हा काही मी देत नाही.”

“मग हा?” आईनं भीतभीत विचारलं.

“तो तुमच्या लेकानं शिकून कमावला की!” लाडू काढून घेत मावशींनी डब्यात करंज्या भरल्या. “पण रिकामा कसा देऊ?”

येताना एसटीत आईनं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली. त्या मामांना मी कधी पाहिलं नाही. पण जेवू घातलं त्यांनी मलाही, भाच्यासारखंच.